पासवर्ड वाचणाऱ्या फंक्शनचं मॅन पेज
पासवर्ड घेणाऱ्या फंक्शनचा कोड बदलला की त्याच कमिटमध्ये (बदलांच्या एकाच नोंदीत) मॅन पेज, म्हणजे युनिक्समधलं माहितीपान, तेही बदला; नंतर करू म्हटलं की ते राहूनच जातं. उदाहरणार्थ, सी भाषेतलं गेटपास (getpass) हे फंक्शन घ्या. ते एको बंद करून, म्हणजे टाइप केलेली अक्षरं पडद्यावर न दाखवता, एक ओळ वाचतं आणि स्टॅटिक बफरचा, म्हणजे दर कॉलला तीच राहणाऱ्या मेमरीतल्या जागेचा, पॉइंटर (पत्ता) परत देतं. म्हणजे पुढचा कॉल त्याच जागेवर लिहितो, आणि काम झाल्याबरोबर तो बफर शून्यांनी भरणं ही कॉल करणाऱ्याची जबाबदारी. माझ्या मते हे वाक्य वर्णनात अगदी वरच हवं, तळाच्या टिपांत नको. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिम्ससाठीच्या मानकाच्या 2001 च्या आवृत्तीत गेटपास नाही, तेही नोंदवा. पर्याय म्हणून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचं रीडपासफ्रेज (readpassphrase) हे फंक्शन सुचवा. टर्मिनलच उपलब्ध नसेल तर काय होतं, ते प्रत्यक्ष चालवून बघा, मगच लिहा.