गावातून परदेशात जाताय? लेकरांच्या इंटरनॅशनल शाळेचं ॲडमिशन असं करा

माझा लहान भाऊ दुबईला नोकरीला लागला तेव्हा घरातले सगळे पहिले शाळेचे फोटोच पाहत बसले, स्विमिंग पूल केवढा, बस एसी आहे का वगैरे, अन् मीही त्यातच होतो. नंतर समजलं की शाळा शोधणं हे दोन रविवारचं काम आहे, खरा टाइम खातात ते आपल्या इकडचे कागद. भाऊ तिकडे, वहिनी दोन लेकरांत गुंतलेली, मंग ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद सगळी धावपळ माझ्या मोटरसायकलवर झाली. म्हणून मी कागदापासूनच सुरू करतो, शाळा नंतर पाहू.

सगळ्यात आधी जन्माचा दाखला काढून नीट वाचा. नुसता आहे म्हणून चालत नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे नोंद राहते माहेरच्या गावच्या ग्रामपंचायतीत नाहीतर ज्या शहरातल्या दवाखान्यात जन्म झाला तिथल्या नगरपरिषदेत, अन् आपण इकडे आपल्या ग्रामसेवकाच्या मागे लागलेलो असतो (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात कोण म्हणते). दुसरी भानगड म्हणजे दाखल्यात नावाची जागा कोरी, कारण नोंद झाली तेव्हा बारसंच झालं नव्हतं. नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत नाव टाकून घेता येते, वर्षाच्या आत असेल तर लेट फी पण नाही. आमच्या पुतणीचं असंच निघालं, तिच्या मामाला तीन चकरा माराव्या लागल्या.

मंग जन्मदाखला, पासपोर्ट, आधार अन् शाळेचं रजिस्टर हे चारही समोर ठेवून नावाचं एक एक अक्षर जुळवा. आपल्या शाळेत आडनाव पहिले लिहितात, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जाते, अन् इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक जण आपल्या मनाने करतो. शाळेत चूक असेल तर लेकरू शाळेत आहे तोवरच दुरुस्त करून घ्या, शाळा सोडल्याचा दाखला निघाल्यावर लय त्रास होते.

आता बोर्ड. आखाती देशांत सीबीएसईच्या शाळा भरपूर आहेत अन् त्या सहसा एप्रिलमध्ये सुरू होतात. ब्रिटिश, अमेरिकन अन् आयबीवाल्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, हा पण एक परदेशी अभ्यासक्रम) बहुतेक ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरमध्ये. अन् आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उघडते जूनच्या शेवटी. म्हणजे इथे वार्षिक परीक्षा चालू असते तेव्हा तिकडे नवीन वर्ग भरून राहिलेला असतो. सीबीएसईत टाकायचं असेल तर वर्गशिक्षकांना जानेवारीतच सांगून ठेवा. वर्गाच्या आकड्यावर जाऊ नका, ब्रिटिश शाळेतली इयर सेव्हन म्हणजे आपली सहावी, त्यामुळे पोरगा एक वर्ग पुढे गेला म्हणून पेढे वाटू नका.

बोर्ड निवडताना माझं मत विचाराल तर एकच प्रश्न स्वतःला विचारा, परत कधी यायचं. दोन-तीन वर्षांत यायचं असेल तर सीबीएसईच बरं, इकडे येऊन वर्ग जुळते. आयबी डिप्लोमा किंवा ए लेव्हल (ब्रिटिश शाळांची बारावी) करून आपल्या कॉलेजात यायचं असेल तर समकक्षता प्रमाणपत्र लागते, म्हणजे ते शिक्षण आपल्या बारावीच्या बरोबरीचं आहे असा कागद. अन् लेकराला डॉक्टर करायचं डोक्यात असेल तर हे आधी पाहा, मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी दहावी अन् बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, त्या त्या वर्षीचं सीईटी सेलचं (राज्यातले हे प्रवेश पाहणारं सरकारी कार्यालय) माहितीपत्रक वाचूनच ठरवा. नववी-दहावीतलं लेकरू असेल तर हा विचार ॲडमिशनच्याही आधीचा आहे.

शाळा एकच धरून बसू नका, तीन-चार ठिकाणी अर्ज टाका कारण वेटिंग असते. दुबईत केएचडीए नावाची सरकारी संस्था आहे, तिच्या वेबसाइटवर शाळांची फी अन् तपासणीचे जुने रिपोर्ट दोन्ही फुकट वाचायला मिळतात, एजंटाच्या गोड बोलण्यापेक्षा ते वाचा. अर्जाला सहसा लागते ते म्हणजे पासपोर्ट, जन्मदाखला, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतीपुस्तकं, फोटो अन् वर्गशिक्षकांचं पत्र. आपलं प्रगतीपुस्तक मराठीत, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या अन् सोबत ग्रेडचा अर्थ पण लिहून द्या, अ-१ म्हणजे ९१ ते १००, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, नाहीतर तिकडच्या माणसाला काय समजणार. आमच्या गुरुजींनी पत्र मराठीत लिहिलं, मी इंग्रजी केलं, त्यांनी वाचून सही केली, काही अडलं नाही.

टेस्टचं टेन्शन घेऊ नका. ब्रिटिश शाळांत बऱ्याचदा कॅट-फोर नावाची क्षमता चाचणी असते, तिच्यात शब्द, आकडे, आकृत्या अन् जागेचा अंदाज असे चार भाग. आकृत्यांचा भाग पाहिला अन् मी हसलोच, आपली नवोदयची मानसिक क्षमता नाहीतर शिष्यवृत्तीची बुद्धिमत्ता चाचणी तशीच तर असते. तीच पुस्तकं काढा. कच्चं असते ते इंग्रजी, त्यासाठी शाळेत जादा मदतीचा वर्ग असतो, पण त्याची फी वेगळी लागते का ते आधी विचारा. मुलाखत व्हिडिओ कॉलवर असेल तर गावच्या नेटवर भरवसा ठेवू नका, आमच्याकडे नेमकी त्याच टायमाला लाइन गेली, मंग तालुक्याला मित्राच्या दुकानात बसवून दुसऱ्या दिवशी दिली.

लसीचं कार्ड जपून ठेवलं असेल तर आशाताईचे आभार माना. पण सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची अन् कांजण्यांची नाही, अन् बाहेरच्या शाळा ह्या दोन्ही मागू शकतात. शाळेची यादी घेऊन मुलांच्या डॉक्टरकडे जा अन् निघायच्या काही महिने आधीच टोचायला सुरुवात करा, कारण दोन डोसमध्ये अंतर लागते.

आता शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी. सीट पक्की झाल्याचं लेखी आल्याशिवाय काढू नका, अन् मे महिन्यावर तर ढकलूच नका, शाळा बंद, मुख्याध्यापक आपल्या गावी, शिक्का कपाटात. दाखल्यावर लेकरू कोणत्या वर्गातून पास झालं ते स्पष्ट लिहून घ्या. त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्याची सही, मुंबईला राज्य शासनाचं साक्षांकन, मंग परराष्ट्र मंत्रालय. पुढचं देशावर आहे. ओमान, बहरीन, सौदी, सिंगापूर हे देश अपोस्टिल मानतात (कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का), तिथे काम परराष्ट्र मंत्रालयातच संपते. युएई, कतार, कुवेतसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्का पण लागतो. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये, वर एजन्सीचा चार्ज, म्हणून कोणी हजारो मागितले तर कशाचे ते लिहून मागा. आम्ही विचारलंच नाही अन् एका एजंटाने चांगलाच दणका दिला.

फीचं कंपनीशी आधीच बोलून घ्या, शिक्षण भत्ता किती लेकरांचा, तो पगारात येते की थेट शाळेला जाते, बस-युनिफॉर्म त्यात आहे का. अर्जाची फी बहुतेक शाळा परत देत नाहीत, चार अर्ज म्हणजे चार फी.

निघताना मूळ कागद मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, अन् सगळ्याचे स्कॅन घरी राहणाऱ्या एकाच्या मोबाइलमध्ये राहू द्या. भावाचे अजूनही माझ्याकडे आहेत, परवाच रात्री अकराला फोन, दादा, छोटीचं लसीचं कार्ड पाठव.