चट्टा दिसला की आधी विचारा, खाजतं का?

वरोऱ्याजवळच्या आमच्या गावात मी आशा सेविका म्हणून घरोघर फिरते.

गोल चट्टा, कड लाल नि उंच, मधे साफ आणि खाज असली तर बहुतेक गजकर्ण. रात्री बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, घरात आणखी कोणी खाजवतं, तर खरूज. औषध सगळ्या घरानं एकाच दिवशी लावायचं.

न खाजणाऱ्या चट्ट्याची मला जास्त काळजी वाटते. एका काकूंच्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. "शिबं असन व माय," त्या म्हणाल्या. मी त्यांना डोळे मिटायला लावले. पऱ्हाटीचाच कापूस वळून टोक काढलं, आधी चांगल्या कातडीला टेकवलं, मग चट्ट्याला. "लागलं तिथं बोट ठेवा." चट्ट्यावर तीनदा टेकवलं, बोट हललंच नाही. हात घामानं ओला, तेवढी जागा कोरडी. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, कुष्ठरोग निघाला. गोळ्या फुकट मिळतात, प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने. आनंदवन इतकं जवळ, तरी या आजाराचं नाव काढलं की बायका अजून पदर ओढून घेतात, याचं फार वाईट वाटतं.

मनानं मेडिकलमधली ट्यूब लावू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर गजकर्णाची खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते, कड पुसट होते आणि मग डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं.