मंडळीत आणि घरात प्रेमाने शिस्त कशी लावावी

मंडळीतील, म्हणजे चर्चच्या समुदायातील, एखादा भाऊ किंवा बहीण चुकल्याचे लक्षात आले, तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला क्रम मोडू नये: प्रथम त्या व्यक्तीला एकांतात भेटावे, तिने ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे, आणि तरीही उपयोग झाला नाही तरच विषय मंडळीपुढे ठेवावा. पहिली पायरीच सर्वांत अवघड असते, कारण चुकलेल्याशी बोलण्यापेक्षा त्याच्याविषयी इतरांशी बोलणे आपल्याला सोपे वाटते. प्रार्थनेची विनंती म्हणून केलेली चहाडीही चहाडीच होय. मात्र छळाचा प्रसंग असेल, तर या क्रमाची वाट पाहू नये. पीडिताला आधी सुरक्षित करावे. लहान मुलाच्या लैंगिक छळाची माहिती पोलिसांना देणे भारतात 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

पश्चात्ताप दिसल्यावर क्षमा लांबवू नये. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, शिक्षा झालेला मनुष्य अति दुःखात बुडून जाऊ नये म्हणून त्याचे सांत्वन करण्यास प्रेषित पौल सांगतो.

घरात इफिसकरांस पत्रातील (6:4) सूचना आधी बापांनी स्वतःला लावून घ्यावी: मुलांना चिरडीस आणू नये. रागाच्या भरात शिक्षा न देता थोडे थांबावे, मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकावे, पाहुण्यांदेखत त्याला झिडकारू नये, आणि त्याच संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेत त्याला जवळ बसवावे. आपलेच चुकले असेल, तर तेथेच त्याची क्षमा मागावी.