प्रिपोझिशनचा घोळ: मराठीतून इंग्रजीत जाताना होणाऱ्या या चुका टाळा

‘वी डिस्कस्ड अबाउट द बजेट’ हे वाक्य ऑफिसच्या ईमेलमध्ये इतकं रुळलंय की कुणाला खटकतही नाही. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर ‘अबाउट’खाली रेघ ओढतं, आपण तो शब्द काढतो आणि पुढच्या ईमेलमध्ये पुन्हा लिहितो. चूक कुठे झाली ते रेघेवरून कळतं. ती का झाली हे कुणी सांगत नाही, म्हणून ती परत येते.

शाळेत प्रिपोझिशन शिकवतात ते खोकं आणि चेंडूच्या चित्रावरून. इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली. चेंडू खोक्यात आहे तोवर हे ठीक चालतं. पण ‘तिच्यावर रागावलो’ किंवा ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’ यांत ना खोकं असतं ना चेंडू. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो, म्हणून आपण नामाकडे बघून प्रिपोझिशन निवडतो. इंग्रजीत मात्र ते बऱ्याचदा अलीकडचा शब्द ठरवतो, म्हणजे त्याच्या डावीकडचं क्रियापद, विशेषण किंवा नाम. ‘वर म्हणजे ऑन’ असं पाठ करण्याऐवजी ‘डिपेंड ऑन’, ‘अँग्री विथ’, ‘गुड ॲट’ अशा जोड्या तोंडात बसवल्या की निम्म्या चुका आपोआप गळतात.

‘चर्चा करणे’ची चूक

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यांचं मूळ आपल्या क्रियापदांत आहे. चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, भर देणे, प्रवेश करणे, संपर्क साधणे, परिणाम करणे ही सगळी नाम अधिक क्रियापद अशी रचना आहे. ‘बजेटवर चर्चा केली’ म्हणताना ‘वर’ येतं ते ‘चर्चा’ या नामामुळे. इंग्रजीतही नाम वापरलं तर प्रिपोझिशन लागतंच: ‘अ डिस्कशन अबाउट द बजेट’. पण ‘डिस्कस’ हे एकटं क्रियापद ते काम पोटात घेऊन बसलेलं आहे, त्याला थेट कर्म लागतं.

हीच गोष्ट पुढे सरकवून बघा. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ बरोबर, पण क्रियापद म्हणून ‘रिक्वेस्ट लीव्ह’. ‘ॲन ऑर्डर फॉर टू चेअर्स’, पण ‘ऑर्डर टू चेअर्स’. ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’, पण ‘एम्फसाइज क्वालिटी’. ‘इफेक्ट ऑन हेल्थ’, पण ‘अफेक्ट हेल्थ’. ‘कॉन्टॅक्ट विथ द क्लायंट’, पण ‘कॉन्टॅक्ट द क्लायंट’. ‘लॅक ऑफ टाइम’, पण ‘वी लॅक टाइम’. ‘अ व्हिजिट टू द म्युझियम’, पण ‘व्हिजिट द म्युझियम’. लग्नाचंही तेच. ‘तिच्याशी लग्न केलं’वरून ‘मॅरीड विथ हर’ येतं. बरोबर वाक्य ‘ही मॅरीड हर’ किंवा ‘ही इज मॅरीड टू हर’, ‘विथ’ कुठेच नाही.

यातली काही क्रियापदं प्रिपोझिशनसकटही सापडतात, पण तिथे अर्थ बदलतो. ‘एंटर द रूम’ म्हणजे खोलीत शिरणे, ‘एंटर इंटू ॲन ॲग्रीमेंट’ म्हणजे करार करणे. ‘अटेंड द मीटिंग’ म्हणजे हजर राहणे, ‘अटेंड टू द कम्प्लेंट’ म्हणजे तक्रारीत लक्ष घालणे. साहेबांनी प्रस्ताव ‘अप्रूव्ह’ केला तर मंजुरी मिळाली. ‘अप्रूव्ह ऑफ’ केला तर तो त्यांना नुसता पसंत पडला, सही अजून व्हायची असेल. आणि ‘सर्च’कडे जरा जपून: ‘आय सर्च्ड फॉर माय बॅग’ म्हणजे बॅग शोधली, ‘आय सर्च्ड माय बॅग’ म्हणजे बॅगेत हात घालून दुसरंच काहीतरी शोधलं.

‘ला’ म्हणजे नेहमी ‘टू’ नाही

‘त्याला सांगितलं, त्याला विचारलं, त्याला समजावलं, त्याला सुचवलं’ यांत ‘ला’ एकच आहे. इंग्रजीत ‘टोल्ड हिम’ आणि ‘आस्क्ड हिम’ असं थेट जातं, तर ‘सेड टू हिम’, ‘एक्स्प्लेन्ड इट टू हिम’, ‘सजेस्टेड इट टू हिम’ यांना ‘टू’ लागतं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी पाय घसरतो. ‘आय टोल्ड टू हिम’मध्ये नको तिथे ‘टू’ आला, ‘प्लीज एक्स्प्लेन मी’मध्ये हवा तिथून गळाला. दुसरी चूक मला जास्त घातक वाटते. ‘एक्स्प्लेन मी’ ऐकणाऱ्याला क्षणभर ‘मी कोण आहे ते समजावून सांगा’ असं वाटू शकतं.

‘पर्यंत’ आणि ‘पासून’: इथे चूक महागात पडते

बाकीच्या चुकांनी फार तर वाक्य कानाला टोचतं. ‘पर्यंत’ चुकलं तर तारीख चुकते, म्हणून या दोन शब्दांवर थोडं थांबतो.

‘शुक्रवारपर्यंत अर्ज पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ या दोन वाक्यांत मराठीला फरक करावा लागत नाही. इंग्रजीला लागतो. अर्ज पाठवणं एकदाच होतं आणि संपतं, त्यासाठी मुदत असते: ‘सेंड इट बाय फ्रायडे’. थांबणं चालू राहतं: ‘वेट अंटिल फ्रायडे’. ‘सेंड द फॉर्म टिल फ्रायडे’ असं लिहिलं तर शुक्रवार उजाडेपर्यंत अर्ज पाठवतच राहा असा विचित्र अर्थ निघतो. स्वतःला एक प्रश्न विचारा: काम एकदाच होणार आहे की तोवर चालत राहणार आहे? एकदाच असेल तर ‘बाय’, चालत राहणार असेल तर ‘अंटिल’ किंवा ‘टिल’.

शिवाय ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो, ‘बिफोर फ्रायडे’मध्ये नसतो. ‘बिफोर’ वाचलं तर गुरुवारीच मोकळे व्हा. अंतर आणि आकड्यांच्या ‘पर्यंत’ला मात्र यातलं काहीच चालत नाही. दहापर्यंत मोजणं म्हणजे ‘काउंट अप टू टेन’ आणि पुलापर्यंत चालणं म्हणजे ‘वॉक ॲज फार ॲज द ब्रिज’.

‘पासून’चंही असंच. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’ दोन्हीला आपण ‘सिन्स’ लावतो. कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवता येईल असा आरंभबिंदू असेल तरच ‘सिन्स’: ‘सिन्स २०१९’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स द मीटिंग’. कालावधीची लांबी सांगायची तर ‘फॉर’: ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ या वाक्यात खरं तर दोन चुका आहेत, आणि ‘सिन्स’ बदलून भागत नाही, काळही बदलावा लागतो: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. पुढे सुरू होणाऱ्या गोष्टीला ‘फ्रॉम’: ‘द न्यू टायमिंग्ज अप्लाय फ्रॉम मंडे’.

आता एक सापळा वाचतानाचा. ‘आय विल कॉल यू इन ॲन अवर’ यातला ‘इन’ आपण ‘तासाच्या आत’ असा वाचतो आणि दहाव्या मिनिटापासून फोनकडे बघत बसतो. त्याचा अर्थ ‘तासाभराने’ असा आहे. ‘तासाच्या आत’ म्हणायचं तर ‘विदिन ॲन अवर’.

घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’ हे सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते दोन ठिकाणी. ‘इन द मॉर्निंग’ बरोबर, पण वार जोडला की ‘ऑन मंडे मॉर्निंग’. आणि नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी, टुमॉरो यांच्या आधी काहीच लागत नाही, त्यामुळे ‘ऑन नेक्स्ट मंडे’तला ‘ऑन’ खोडून टाका. ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ यांत गोंधळणाऱ्यांसाठी मराठीच मदतीला येते: वेळेवर आणि वेळेत. गाडी वेळेवर सुटली, ‘ऑन टाइम’. आपण ती पकडायला वेळेत पोचलो, ‘इन टाइम’. असं एकास एक जुळणं क्वचितच मिळतं, मिळालं की वापरून घ्यावं.

‘वर’ आणि ‘ने’

टेबलावरचा कप ‘ऑन द टेबल’, छतावरची पालही ‘ऑन द सीलिंग’, कारण ती पृष्ठभागाला चिकटलेली आहे. डोक्यावरचा पंखा मात्र डोक्याला टेकलेला नाही (टेकू नये अशीच इच्छा), म्हणून तिथे ‘अबव्ह’ किंवा ‘ओव्हर’. झाडावर लागलेलं फळ ‘ऑन द ट्री’, फांद्यांत बसलेला पक्षी ‘इन द ट्री’.

मनातल्या गोष्टींना हे दृश्य तर्क लावू नयेत. ‘माझ्यावर रागावला’ म्हणजे ‘अँग्री विथ मी’. ‘अँग्री ऑन मी’ इंग्रजीत नाहीच. ‘तुझ्यावर विश्वास आहे’ हे ‘आय ट्रस्ट यू’, मध्ये काही नको. ‘आय बिलीव्ह यू’ आणि ‘आय बिलीव्ह इन यू’ दोन्ही बरोबर, पण पहिल्यात तू सांगतोस ते खरं मानलं, दुसऱ्यात तुझ्या कुवतीवर भरवसा ठेवला. समस्येवरचा उपाय ‘सोल्युशन टू’, आजारावरचा इलाज ‘क्युअर फॉर’. आणि आपलं एकच ‘कारण’ इंग्रजीत दोन वाटांनी जातं: ‘रीझन फॉर द डिले’, पण ‘कॉज ऑफ द डिले’.

‘ने’ची भानगड एका वाक्यात दिसते: ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय अ बॉय विथ अ स्टोन’. मुलाने फोडली, दगडाने फोडली. करणारा ‘बाय’, हत्यार ‘विथ’. वाहनाला ‘बाय’ लागतं ते वाहनाच्या नावाआधी दुसरा कुठलाही शब्द नसताना: ‘बाय बस’, ‘बाय कार’. ‘माझ्या कारने’ म्हटलं की ‘इन माय कार’, ‘आठच्या बसने’ म्हटलं की ‘ऑन द एट ओ’क्लॉक बस’. ‘बाय माय कार’ ही फार कानावर पडणारी चूक आहे.

बसला ‘ऑन’ आणि कारला ‘इन’ का? ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ‘ऑन’: बस, ट्रेन, विमान, जहाज. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं त्याला ‘इन’: कार, टॅक्सी. उतरतानाही ‘गेट ऑफ द बस’, ‘गेट आउट ऑफ द कार’. ‘गेट डाउन ॲट द नेक्स्ट स्टॉप’ भारताबाहेर ऐकणाऱ्याला ‘पुढच्या स्टॉपला खाली वाका’ असं वाटू शकतं.

‘टू’नंतर ‘आयएनजी’

‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ ही सुशिक्षितांची लाडकी चूक. ‘टू’ दिसला की पुढे मूळ क्रियापद, हे मनात पक्कं बसलेलं असतं. पण इथला ‘टू’ प्रिपोझिशन आहे आणि प्रिपोझिशननंतर नामाचंच काम करणारं रूप लागतं. ओळखायची युक्ती अशी: ‘टू’नंतर साधं नाम ठेवून बघा. ‘लुक फॉरवर्ड टू द हॉलिडे’ चालतं ना? मग ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘कमिटेड टू’ यांचंही तसंच. ‘आय यूज्ड टू वर्क लेट’ म्हणजे पूर्वी उशिरापर्यंत काम करायचो, ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग लेट’ म्हणजे त्याची सवय आहे. मुलाखतीत यांची अदलाबदल झाली तर समोरच्याला नेमकं उलट चित्र मिळतं.

गळालेलं शेपूट

बसायला खुर्ची, लिहायला पेन, बोलायला माणूस. मराठीत एवढं पुरतं. इंग्रजीत खुर्चीवर बसायचं असतं आणि माणसाशी बोलायचं असतं हे वाक्याला विसरता येत नाही: ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ पेन टू राइट विथ’, ‘समवन टू टॉक टू’. वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये असं कुणी बजावलं असेल तर खुशाल कानाआड करा. १६७२ मध्ये जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने बेन जॉन्सन या आधीच्या नाटककाराच्या लेखनात हा दोष काढला, आणि पुढे तोच आक्षेप व्याकरणाचा नियम म्हणून मिरवू लागला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो कधी फारसा पाळला नाही.

सुट्या चुका

‘डिस्पाइट ऑफ’ नाही. ‘डिस्पाइट’ किंवा ‘इन स्पाइट ऑफ’. ‘कोप अप विथ’ नाही, ‘कोप विथ’. ‘सीनियर दॅन मी’ नाही, ‘सीनियर टू मी’. ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांनाही ‘टू’च, आणि ‘प्रिफर टी टू कॉफी’तही. ‘काँग्रॅच्युलेट’ला ‘ऑन’, ‘अक्यूज’ला ‘ऑफ’, ‘ब्लेम’ला ‘फॉर’. ‘डिपेंडंट ऑन’, पण ‘इंडिपेंडंट ऑफ’.

काही फरक चुका नसतातच. ‘ॲट द वीकेंड’ ब्रिटिश, ‘ऑन द वीकेंड’ अमेरिकन. ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं, ‘डिफरंट टू’ ब्रिटनमध्ये, ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत. अशा ठिकाणी वाद घालण्यात वेळ घालवू नये.

लिहून झाल्यावर

मजकुरातलं प्रत्येक प्रिपोझिशन पकडा आणि त्याच्या डावीकडचा शब्द लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, बघा. साध्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात नुसता अर्थ मिळतो. लर्नर्स डिक्शनरीत ‘डिस्कस समथिंग विथ समबडी’ असा पूर्ण साचाच दिलेला असतो, आणि त्यात ‘अबाउट’ नाही हे लगेच दिसतं. वहीत उतरवताना तो साचा उतरवा, सुटा शब्द नको.

सॉफ्टवेअरला ‘डिस्कस अबाउट’ सापडतं, ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ही बहुधा सापडतं. पण ‘आय विल बी हिअर बाय फाइव्ह’ आणि ‘आय विल बी हिअर अंटिल फाइव्ह’ ही दोन्ही वाक्यं व्याकरणात निर्दोष आहेत. पाचपर्यंत येऊन पोचणार की पाचपर्यंत थांबणार, ते तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. तिथे रेघ येणार नाही.