ससा पाळताय? आधी लेंड्या बघायला शिका

ससा दुखलंखुपलं तरी ओरडत नाही. रानात अशक्त दिसला तो आधी शिकार होतो, त्यामुळे आजार लपवणं त्याच्या रक्तातच असतं. तो सांगत नाही ते पिंजऱ्याखालचा ट्रे सांगतो. घरात एक ससा असो की शेडमध्ये दोनशे, सकाळचं पहिलं काम एकच: खाली वाकून लेंड्या बघणं.

चांगली लेंडी हरभऱ्याएवढी, गोल आणि फिकट तपकिरी असते. बोटात चुरली की आतून गवताचा कोरडा भुसा निघतो. लेंड्या बारीक, काळपट, कडक झाल्या तर गवत कमी पडतंय असं समजा. मऊ, चकचकीत पुंजके दिसले तर घाबरू नका. ते ससा स्वतः परत खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. ते रोज तसेच पडून राहत असतील, तर मात्र धान्य आणि गोडधोड कमी करा. ससा दहा-बारा तास काही खात नसेल आणि लेंडीही नसेल, तर आतडी थांबलेली असू शकतात. अशा वेळी ‘उद्या बघू’ म्हणू नका.

गवत

खाण्यातला साधारण ८० टक्के भाग वाळलेलं गवत हवं. सशाचे दात आयुष्यभर, आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. दुकानातलं परदेशी टिमोथी गवत चांगलं असतं, पण महाग. शेळ्या-गाई पाळणाऱ्यांकडे वाळलेलं मारवेल किंवा हरळी मिळाली तर तीही चालते. फक्त घेताना मूठभर हुंगून बघा. कुबट वास आला तर तो भारा तिथेच सोडा. लसूणघासात (ल्युसर्न चाऱ्यात) कॅल्शियम फार असतं. तो वाढत्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला ठीक. मोठ्या सशाला रोज दिला तर लघवीत गाळ साठतो. मंडईत भाजीवाल्या मावशींकडे गाजराचा आणि मुळ्याचा पाला मागा, बऱ्याचदा फुकट मिळतो. गाजर मात्र चवीपुरतंच द्या. पोळी, बिस्किट, बटाटा, कांदा, लसूण देऊ नका. (पाहुण्यांना हे पटवणं सशाला सांभाळण्यापेक्षा अवघड आहे.)

पायाखालचा तळ

सशाच्या पंजाखाली कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर बसून बसून टाचांना जखमा होतात. पिंजरा बदलता येत नसेल तर निदान अर्ध्या तळावर चटई किंवा लाकडी फळी टाका आणि महिन्यातून एकदा टाचा उलटून बघा. जागेबाबत ब्रिटनमधले सशांच्या हिताचे जाणकार जोडीसाठी ३ मीटर बाय २ मीटर जागा आणि १ मीटर उंची सुचवतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एवढा पिंजरा मावणार नाही, पण वायरी झाकून खोली मोकळी करणं जमतं. उचलताना कान धरू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागे बुडाखाली ठेवा. हवेत लाथ मारताना त्याचा कणा मोडू शकतो.

पुण्याचा उन्हाळा, पुण्याचा पाऊस

ससा थंडी सोसतो, उकाडा नाही. पारा ३० च्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तो चाळिशीला टेकतो. पश्चिमेच्या बाल्कनीत पिंजरा ठेवूच नका. ओली करून पुसलेली शहाबादी फरशी, गार पाण्याचं जड भांडं आणि पंख्याची खेळती हवा एवढं द्या. अंघोळ नको. पावसाळ्यात धोका माश्यांचा. बुडाशी केस ओले किंवा घाण राहिले की माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. रोज शेपटीखाली बघा.

शेडवाल्यांसाठी

छपराच्या पत्र्यावर उसाचं पाचट पसरा आणि हवा आरपार जाऊ द्या. मग पिंजऱ्याच्या उंचीला डोकं नेऊन दहा मिनिटं बसा. तुमचे डोळे चुरचुरले, तर ससे लघवीच्या त्याच अमोनियात चोवीस तास राहताहेत. मादी साधारण ३१ दिवसांनी विते. २८ व्या दिवशी सुकं गवत भरून पेटी आत ठेवा. व्यायल्या व्यायल्या पुन्हा नराकडे सोडण्याची चाल मला पटत नाही. पिल्लं दूध सोडेपर्यंत तिला उसंत द्या. हलता-वळता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

जोडी, नसबंदी, डॉक्टर

ससा एकटा राहणारा प्राणी नाही. दोन ठेवा, पण नसबंदी करून. नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढल्यावर गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो. दोघांची ओळख दोघांनाही नव्या जागेत, नजरेसमोर करून द्या.

घरात उरलेलं अमॉक्सिसिलिनचं (अँटिबायोटिकचं) सिरप पाजू नका, आतड्यातले चांगले जीवाणू मरून ससा जातो. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांसाठीचे फिप्रोनिलचे थेंबही त्याला घातक ठरतात. सशांची सवय असलेला डॉक्टर गरज पडण्याआधीच शोधा. फोनवर एक प्रश्न विचारा: ‘ऑपरेशनआधी ससा किती तास उपाशी ठेवू?’ सशाला उलटी होत नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवायचंच नसतं. तिकडून हे उत्तर आलं तर वेळ ठरवा. ‘रात्रीपासून काही देऊ नका’ म्हणाले तर दुसरा नंबर फिरवा.