सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचं मन जपताना या चुका टाळा

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा, कधी बोलण्यावरचाही ताबा कमी असणं. डॉक्टर अशा मुलाला विचारतात, "कसा आहेस रे?" उत्तर आई देते, "बरा आहे, पण हल्ली फार चिडतो." मूल अजून ओठांशी शब्द जुळवतच असतं, आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती प्रेमापोटीच होते.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. तेवढा वेळ कुणीही मध्ये बोलायचं नाही. बोलणं जमतच नसेल तर चित्रांचा तक्ता वापरा, किंवा 'हो' म्हणजे नजर वर, 'नाही' म्हणजे डोळे मिटणं अशी खूण ठरवा. ती घरात आणि शाळेत एकच असू द्या, नाहीतर मूल गोंधळतं.

चिडचिड हा स्वभाव समजू नका. या मुलांपैकी साधारण 4 पैकी 3 जणांना वेदना असतात. लंगोट बदलताना पाय फाकवले की रडतो? खुब्याचा सांधा सरकतोय का, ते तपासून घ्या. जेवणानंतर पाठ कमानीसारखी ताणतो? आम्ल घशाशी येत असेल. स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी पट्टी) काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासानंतरही दिसतो? तो टोचतोय, दुरुस्त करून घ्या. बद्धकोष्ठता आणि किडलेला दात तर हमखास नजरेतून सुटतात. आठवडाभर वेळेसकट नोंद ठेवा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. औषध बदलण्याआधी हे करा.

चालता येत नाही म्हणून मूल दुःखीच असणार, हेही गृहीत धरू नका. युरोपातल्या 8 ते 12 वर्षांच्या 500 मुलांनी स्वतः दिलेली उत्तरं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेक बाबतींत त्यांचं समाधान इतर मुलांसारखंच होतं. वेदना असलेल्या मुलांचं मात्र कमी होतं. (ज्यांना स्वतः सांगणं शक्य नव्हतं, त्यांच्याबद्दल यातून काही ठरवता येत नाही.)

म्हणून संध्याकाळचा खेळ बुडवून व्यायाम घेऊ नका. मित्र दारात आले असतील तर स्ट्रेचिंग तासभर पुढे ढकला.

मुलासमोर "याचं पुढे कसं होणार" हे तर बोलूच नका. त्याला ऐकू येतं, समजतंही. दोन आठवड्यांहून जास्त काळ ते गप्प असेल, आवडीच्या खेळाकडेही बघत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तिथेही पहिला प्रश्न त्यालाच विचारायला सांगा.