‘मिसजज’ मराठीत आणायचं कसं?

इंग्रजी ‘मिसजज’साठी (misjudge, म्हणजे जोखण्यात चुकणं) मराठीत एकच क्रियापद ठरवून टाका, असा सल्ला देणाऱ्याने पानभरही अनुवाद केलेला नसावा. त्यातला ‘जज’ पाहून ‘चुकीचा निर्णय देणे’ लिहिणं तर आधी सोडा. इथे न्यायालय नाही. जोखणं, अजमावणं, पारखणं एवढंच काम आहे. निर्णय त्याच्या पुढचा.

पहिल्यांदा बघा, जोखलं काय. अंतर, वेग, वेळ असेल तर ‘अंदाज चुकला’. माणूस असेल तर ‘ओळखण्यात चूक झाली’. पुढे काय घडेल याचा तर्क असेल तर ‘होरा चुकला’ किंवा ‘आडाखे चुकले’. नुसतं कमी समजलं असेल तर ‘कमी लेखलं’. झालं.

मग वाक्य बांधायचं, आणि मी वर्षानुवर्षं आपटलो ते इथेच. इंग्रजीत माणूस कर्ता आणि जोखलेली गोष्ट कर्म. मराठीत चुकतो तो अंदाज. माणूस ‘त्याचा’ होऊन मागे सरकतो. हे न पटल्याने मी ‘चुकणे’ला ओढूनताणून सकर्मक करायचो. एका कथेत गाडीवाला वळण मिसजज करतो आणि गाडी खड्ड्यात जाते. मी लिहिलं, ‘त्याने वळण चुकवलं.’ संपादकांनी समासात तांबड्या शाईने विचारलं, ‘चुकवलं ना? मग खड्ड्यात कसा गेला?’ चुकवणं म्हणजे टाळणं. खड्डा चुकवतात, नजर चुकवतात, कर चुकवतात. ‘त्याचा वळणाचा अंदाज चुकला’ एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं.

दुसरा फास या ‘चा’चाच. ‘सुनेचा अंदाज चुकला’ म्हणजे सुनेने केलेला, की सुनेबद्दल कुणी केलेला? वळण स्वतः अंदाज करत नाही, म्हणून तिथे वाचक सावरून घेतो. दोन माणसं आली की घोटाळा. ‘सासूचा सुनेबद्दलचा अंदाज चुकला’ बरोबर आहे, पण कार्यालयीन अहवालासारखं वाटतं. मी ‘सुनेला ओळखण्यात सासू चुकली’ लिहितो. फक्त ‘सासूने सुनेला ओळखलं नाही’वर थांबू नका, आधीचा संदर्भ नसेल तर सून दारात उभी आणि सासू चष्मा शोधतेय, असं चित्र उभं राहतं.

‘गैरसमज’ हा शब्द इथे सर्रास घुसडतात. मला तो अजिबात चालत नाही. गैरसमज बोलून दूर करता येतो. वळणाबद्दल कुणाचा गैरसमज होतो का?

संवादात एक काळजी घ्या. ‘माझं चुकलं’ ही माफी झाली. नेमकं काय चुकलं ते त्यात येत नाही. पात्राला माणूस पारखण्यातली चूक कबूल करायची असेल, तर त्याच्या तोंडी घाला: ‘तुला ओळखायला मी चुकलो.’